वाचली ती जमना

आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, सांगतील, बोट बुडाली तेव्हा रतिलालभाऊंच्या घरची मंगला वाचली. कचेरीतल्या यादीतसुद्धा तसंच लिहिलेलं आहे. खोटं आहे ते. मंगला नावाची बाई त्या बोटीत नव्हतीच. आमच्या गल्लीतही ती कधी नव्हती. जिने तेरा वर्षं त्या घरची भांडी घासली, जी पाण्यात पडली आणि आपल्या हातापायांच्या जोरावर बाहेर आली, तिचं नाव जमना. एवढी एक ओळ लिहायला मला दीड वर्ष लागलं. त्याचाही मला राग येतो, आणि तो राग दुसऱ्या कोणावर काढता येत नाही.

मी तळोद्यात ब्लाउज शिवते, गल्ली मला खाला म्हणते. मशीन दारातच आहे, म्हणजे गल्लीत कोण आलं, कोण गेलं, सगळं सुईच्या टोकाशी दिसतं. समोरच रतिलालभाऊंचं घर. गुजर माणसं, तापीकाठी केळीचा मोठा बाग, घरात झोपाळा, झोपाळ्यावर त्यांची आई जमनाबा. आणि घर चालवणारी सून, विमलभाभी. वाईट बाई नाही ती, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्यावर चिडणार आहे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर तिच्या घरून डबा आला, आणि तोही वेगळा, आमच्या चवीचा. पण डबा देणारा माणूस अन्याय करत नाही असं कुठे आहे?

जमना आली तो दिवस मंगळवार होता. मोलगीच्याही पलीकडच्या डोंगरातून आलेली, तिशीच्या आतली, काळीसावळी, खांदे रुंद. नवरा मेलेला, मूलबाळ नाही. विमलभाभीने दारातच विचारलं,

"नाव काय तुन्हं?"

"जमना."

विमलभाभीने जीभ चावली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "ओ माय! हाई नाव आठे नई चालाव. मन्ही सासूनं शे."

सुनेनं सासूचं नाव तोंडात घ्यायचं नाही, ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. विमलभाभी ती फार कडक पाळायची. भजनात गंगा-जमना आलं की ही 'गंगा' म्हणायची आणि पुढे नुसत्या टाळ्या वाजवायची. आम्ही हसायचो. तर ती म्हणाली, "आते काय सासूले हाक मारी भांडा घासाले लावू?" मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाली, "आज मंगळवार शे. तुन्हं नाव मंगला."

झालं बारसं. ना पाळणा, ना घुगऱ्या.

ती माझ्याकडे पहिला ब्लाउज टाकायला आली तेव्हा मला म्हणाली, "खाला, मी बुधवारले येती ते?"

अशी होती ती. चेहरा दगडासारखा ठेवून असं काही बोलायची की समोरच्याला दोन घटका कळायचंच नाही की आपल्याला चिमटा बसला आहे.

एकटी जमनाबा हसली होती त्या दिवशी. झोपाळ्यावरून ओरडली, "अशी कशी मंगला? मन्ही नाववाली शे ती!" आणि पुढे तेरा वर्षं, सून घरात नसली की तिला 'नाववाली' म्हणायची. "ए नाववाली, पाय दाब." "नाववाली, चहा ठेव, साखर दोन चमचा, तिले सांगू नको." डॉक्टरने साखर बंद केलेली. दोन जमना मिळून विमलभाभीची साखर चोरायच्या. पण नाव म्हातारीही घ्यायची नाही. नाववाली म्हणायची. सुनेच्या रीतीचा मान राखायची, दुसरं काय.

भांडी घासायची तिची एक पद्धत होती. घासून झालं की प्रत्येक भांडं उपडं करायचं आणि बोटाच्या पेराने एकदा वाजवायचं. टण्ण वाजलं की ठीक. बद्द वाजलं की ते बाजूला. "ह्याले चीर पडनी शे," म्हणायची. आपल्याला दिसायची नाही ती चीर. आठ दिवसांनी त्या भांड्यातून पाणी झिरपायला लागायचं. विमलभाभी म्हणायची, "मंग आधी का नई सांगं?" आणि ही म्हणायची, "माले पुसं कोनी?"

हे तिचं ठरलेलं वाक्य. दूध नासलं, माले पुसं कोनी. पाहुणे चुकीच्या रस्त्याने गेले, माले पुसं कोनी. तिला सगळं माहीत असायचं, आणि विचारल्याशिवाय ती सांगायची नाही. मला वाटायचं, खडूस आहे. आता कळतं, पहिल्याच दिवशी एकदा तिला विचारलं होतं, तिने खरं सांगितलं होतं, आणि त्याचं काय झालं ते तिने पाहिलं होतं.

मीही शहाणी नव्हते. कापड आलं की मी त्याला चिठ्ठी टाचते, चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव. तिच्या कापडावर 'मंगला' लिहायचे. एकदा तिने बोट ठेवून विचारलं, "खाला, आठे काय लिखं शे?"

"मंगला."

तिने चिठ्ठीकडे बघितलं, मग स्वतःच्या दंडाकडे. "नाव मंगलानं, माप मन्हं. तिले बसस का बठ्ठं?"

मी पोट धरून हसले. हसले आणि पुढच्या ब्लाउजवर परत मंगलाच लिहिलं. काय लागत होतं मला? चिठ्ठी माझी, पेन्सिल माझी. मला तर कोणाची सासू आडवी येत नव्हती.

आता बोटीचं सांगते.

जमनाबाच्या मनात होतं, मरायच्या आत नर्मदामाईला साडी वाहायची. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा म्हाताऱ्या तयार झाल्या. हिवाळा सरता सरताची गोष्ट, पाणी उतरायला लागलेलं. मोलगीवरून जीपने घाटापर्यंत, तिथून बोटीने मधल्या पाण्यात जायचं, साडी सोडायची आणि परत. म्हातारीचा हात धरायला आणि पिशव्या उचलायला म्हणून जमनाला पाठवलं. जमनाबासाठी मी कापडी पिशवी शिवून दिली, आणि आतल्या बाजूला लाल दोऱ्याने रतिलालभाऊंच्या घरचा फोन नंबर शिवून टाकला. म्हाताऱ्या पिशव्या विसरतात, म्हणून. "हाई लाल दोरा म्हंजे आपलं घर," असं मी जमनाला दाखवून ठेवलं. तिला अक्षरं येत नव्हती, पण दोरा ध्यानात राहिला.

ज्या पाण्यावरून ती बोट चालली होती, त्याच्या खाली जमनाच्या बापाचं शेत होतं. तो डोंगर, ती उतरण, बांधावरची झाडं, सगळं तिच्या लहानपणी वर होतं. धरण झालं, आता पाण्याच्या वर डोंगराचे नुसते माथे राहिलेत. पण माथ्यांवरून तिला कळत होतं आपण कुठे आहोत ते, जसं मला डोळे मिटून कळतं की गल्लीत कोणाच्या दारापुढे आहे.

आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न विचारता ती बोलली. बोटवाल्याला म्हणाली, "दादा, डावे जाऊ नको. आठे महूनं झाड शे पाण्यामा. मोठं."

बोटवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती परत म्हणाली. तेव्हा तो म्हणाला, "तू पिशव्या धर, बाई. बोट मी धरस." आणि आमच्याच गल्लीतली एक, नाव घेत नाही, तिला म्हणाली, "मंगला, चूप बस. बायासले घाबरावू नको."

ती चूप बसली.

मोहाचा शेंडा पाण्याखाली हातभर होता. बोटीचा तळ त्याच्यावर चढला, बोट कलली, सगळ्या म्हाताऱ्या एका बाजूला घसरल्या आणि बोट उपडी झाली. उपडी झाली तेव्हा कशी वाजली, टण्ण की बद्द, हा विचार मला का येतो कोण जाणे, पण येतो.

जमनाने अंगावरची साडी सोडली आणि तिचं एक टोक दोन म्हाताऱ्यांच्या हातात दिलं. त्या दोघी त्या साडीला धरून राहिल्या आणि वाचल्या. आजही त्या सांगतात, माईनेच साडी पाठवली. अगं माई कसली पाठवते! पाच वारी, निळी, किनारीला मीच फॉल लावला होता. ती माईची नव्हती, जमनाची होती.

दुसरी बोट आली, तिने या दोघींना आणि उपड्या बोटीला धरून राहिलेल्या बाकीच्यांना उचललं आणि पलीकडच्या काठाला नेलं. जमना पोहत अलीकडच्या काठाला लागली, जमनाबाची पिशवी खांद्यात अडकलेली तशीच. जमनाबा वर आली नाही.

काठावर वरच्या पाड्यातले एक मास्तर धावत आले. त्यांनी तिला टॉवेल दिला आणि विचारलं, "बाई, नाव काय तुमचं? कुठल्या? कोणाला कळवू?"

तेरा वर्षांनी तिला कोणीतरी नाव विचारलं होतं. थंडीने दात वाजत होते, तरी तिने सांगितलं, "जमना. तळोदा. रतिलालशेठना घरनी." आणि पिशवीतला लाल दोरा दाखवला.

मास्तर डोंगरावर रेंज असलेल्या जागी चढले आणि त्यांनी नंबर लावला. तोपर्यंत गल्लीत बातमी आली होती. रतिलालभाऊ गाडी घेऊन निघून गेले होते, त्यांचा फोन लागत नव्हता. समोरच्या घरात रडारड, मी तिथेच. विमलभाभीने फोन स्पीकरवर टाकला. आवाज आला, "रतिलाल यांचं घर का? तुमच्याकडच्या जमनाबाई इथे आहेत. सुखरूप आहेत. जीपने पाठवतो."

त्या घरात जे झालं ते मी विसरणार नाही. विमलभाभी जमिनीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. "बा वाचनी! खाला, बा वाचनी!" माझ्या गळ्यात पडली. कोणीतरी पेढे आणले. बंबात पाणी तापलं. म्हातारीची मऊ सुती साडी शोधली, तिचा फॉल उसवलेला होता, तो मी तिथेच बसून लावला. घाई किती, सुई तीनदा बोटात घुसली.

दिवस कलता कलता जीप आली. विमलभाभी ओवाळायचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. जीपमधून उतरली ती अंगाभोवती मास्तरांचा टॉवेल आणि कोणाचं तरी धडुतं गुंडाळलेली, खांद्यात पिशवी.

"तू?"

बस, एवढंच. मी तेव्हापासून हा एक शब्द कोणाला सहज म्हणत नाही. त्यात असं होतं की, तू कशाला?

"बा कोठे शे?" विमलभाभीने विचारलं.

जमनाने मान हलवली.

"मंग फोनवर ते नाव कोनी सांगं?"

"मास्तरनी पुसं, नाव काय. मी सांगं."

"तू बान्हं नाव सांगं?"

"मन्हं सांगं, शेठानी."

विमलभाभी ताट घेऊन आत गेली. ताटातला दिवा विझलाही नव्हता. गल्लीतल्या बायका एकेक करून आपापल्या घरी वळल्या. ती बाई पाण्यातून जिवंत आली होती हो! तिला कोणी विचारलं नाही, लागलं का, थंडी वाजते का. मी चहा दिला, एवढंच माझं पुण्य, आणि त्याच्यावर मी दीड वर्ष काढलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत एक वाक्य फिरायला लागलं. सासूच्या नावावर मंगला जगली. त्याला शेपूट फुटलं. म्हातारीचा हात सोडून दिला असेल. स्वतःचा जीव कोणाला प्यारा नसतो?

जमनाबाचं शरीर सापडलं, दहन झालं. मग निघालं यादीचं. कचेरीत जी यादी होती तिच्यात, मास्तरांनी कळवलं तसं, लिहिलेलं होतं, 'जमना, रतिलाल यांच्या घरची, सुखरूप.' ते दुरुस्त केल्याशिवाय म्हातारीच्या मृत्यूचे कागद पुढे जाईनात. रतिलालभाऊ तापाने पडलेले. विमलभाभी मला म्हणाली, खाला, चल सोबत, तुला कचेरीचे कागद कळतात.

टेबलामागचा माणूस म्हणाला, "जमना तर वाचलेल्यात आहे, ताई."

आणि विमलभाभी बोलली. खडखडीत बोलली, माझ्या या कानांनी ऐकलं. "जमना मन्ही सासू. जमना वारनी. वाचनी ती कामवाली, मंगला. जमनाना पुढे मयत लिखा."

तीनदा. भजनात जे नाव टाळ्यांखाली दाबलं, ते तिथे तीनदा घेतलं. जीभ चावली नाही की पदर ओढला नाही. त्या माणसाने एका नावापुढे मयत लिहिलं, दुसरं नवीन नाव खाली लिहिलं, सुखरूप. मंगला, जी जगात नव्हती, ती सुखरूप.

मी कोपऱ्यातल्या बाकावर होते. मला फक्त म्हणायचं होतं, साहेब, कामवालीचंही नाव जमनाच आहे, दोन जमना होत्या. सात-आठ शब्द. मी म्हटलं, घरात मयत झालेलं, आता कुठे वाद. गप्प बसले. जी माणसं अशा वेळी गप्प बसतात त्यांना आम्ही समजूतदार म्हणतो. आग लागो त्या समजूतदारपणाला.

आता पुढचं ऐका. त्या दुरुस्त यादीची बातमी डोंगरात पोचली. जमनाच्या पाड्यातला कोणी तळोद्यात कामाला आला होता, त्याने यादी वाचली, जाऊन तिच्या भावाला सांगितलं, तुझी बहीण जमना गेली, तळोद्याच्या शेठने तिकडेच जाळली. भाऊ रडला, आणि त्याने तिचे दिवस घातले. इकडे जमना काय करत होती? जमनाबाच्या तेराव्याची भांडी घासत होती. तिला सुट्टी मिळाली ती सगळे पाहुणे गेल्यावर.

चार दिवसांनी परत आली ती सरळ माझ्या दारात. पिशवी टाकली, उकिडवी बसली.

"भाऊ बरा शे का?" मी विचारलं.

"बरा शे. मन्हा दिवस घाली ऱ्हायंता. मी पोचनी तवय पंगत बठनी व्हती."

मला आधी कळेचना. "कोणाचे दिवस?"

"मन्हा. वहिनीनी माले दखं आनि हातमाधलं पातेलं पडी गयं. लोके उठी पळनात. मंग भाऊनी हात लाई दखं, जित्ती शे का. मंग म्हने, बठ, जेवी ले." तिने बोटांची पेरं मोडली. "मन्हाच दिवसनं जेवन मी जेवी ऊनी, खाला. मीठ कमी व्हतं."

मी हसले नाही या वेळी. तिचे डोळे पाहिले. त्या डोळ्यांत रडणं नव्हतं, राग होता, आणि तो इतका शांत होता की मीच मशीनवरचा हात काढून घेतला.

त्या दिवसापासून समोरच्या घरातून हाक आली, "मंगलाऽ!", तर ती हलेना. ऐकू यायचं. पातेलं घासत असायची, घासत राहायची. "मंगला! बहिरी व्हयनी का?" हिचा हात चालू. विमलभाभी बाहेर यायची, समोर उभी राहायची. "तुले हाक मारी ऱ्हायनी ना!"

"माले नई मारी. मंगलाले मारी ऱ्हायनी तू."

गल्लीला तमाशा मिळाला. विमलभाभीने सगळे उपाय केले. 'ए', 'अगं', 'ओ बाई' करून पाहिलं. पळी पातेल्यावर आपटली. शेजारणीला पाठवलं, "जरा तिले सांग." जमना काम सगळं करायची, वेळेवर, चकाचक. पण हाकेला ओ नाही. तिचं मागणं एकच होतं, आणि ते तिने एकदाच, सर्वांसमोर सांगितलं: मला माझ्या नावाने हाक मार. एक डाव.

"मन्ही रीत मोडू का तुन्हाकरता?" विमलभाभी म्हणाली.

"नको मोडू," ही म्हणाली.

तुम्ही म्हणाल, काढून का नाही टाकली? कारण घरात एक प्रश्न अडकून बसला होता. रतिलालभाऊंना झोप लागत नव्हती. आई शेवटी काही बोलली का? हात सुटला की सोडला? हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते मोरीत भांडी घासत होतं. विमलभाभीने गोडीने विचारलं, रागाने विचारलं. जमना म्हणायची, "सांगसू. माले पुसा, मंग सांगसू." म्हणजे जमनाला विचारा. आणि लक्षात घ्या, तिने सांगितलं असतं तर हात सोडल्याचा तो आळ तिच्यावरूनच उतरला असता. तरी दातावर दात ठेवून होती.

मला राहवेना. एका दुपारी ती माप द्यायला आली. मी चिठ्ठी घेतली, पेन्सिल घेतली, आणि माझा हात थांबला. मी कचेरीतलं सगळं तिला सांगून टाकलं. बाक, टेबलामागचा माणूस, तीन वेळा घेतलेलं नाव, माझं गप्प बसणं.

 ती माझं माप घेण्याचं टेप बोटाभोवती गुंडाळत राहिली, उलगडत राहिली.

"म्हंजे तिले नाव घेता येस," शेवटी म्हणाली.

"येतं."

"माले हाक माराले नई येस. माले मारी टाकाले येस."

मी म्हटलं, "मलाही बोलता आलं असतं, जमना."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "हाऊ. तुले भी येतं."

उठली आणि समोर गेली. त्या दिवशीची सगळी भांडी तिने घासली, ओळीने उपडी घातली, एकेक वाजवलं. मी दारातून मोजल्यासारखं ऐकत होते. टण्ण, टण्ण, टण्ण. मग हात पुसले. विमलभाभीला काहीतरी लागलं असावं मनाला, ती मोरीच्या दारात आली, आवाज खाली आणून म्हणाली, "मंगला, आज तरी सांग व माय. शेवटले बा काय म्हनी?"

जमनाने आपली पिशवी उचलली.

"मंगलाले पुस," म्हणाली, आणि उंबरा उतरली.

मी चपला घालून तिच्या मागे निघाले, या गुडघ्यांनी. जीपच्या थांब्यावर आम्ही दोघी उभ्या राहिलो, मोलगीची जीप भरायची होती. तिथे मी तिला काही विचारलं नाही. हिंमत नव्हती. तिनेच सांगितलं, समोर बघत, जशी आदल्या दिवशीची भाजी सांगावी तशी.

"साडी अडकनी व्हती तिन्ही. जरीनी, नवी. महूना फांदीमा. मी खाले जाई ऱ्हायनी, ओढी ऱ्हायनी, वर ई ऱ्हायनी. तिन्हं तोंड पानीना वर व्हतं, इतलंसं. नाववाली नई म्हनी ती. म्हने, जमना, जमना, माले सोड. त्या दोन्हीसले धर, त्या हलक्या शेतस." मग म्हणाली, "बठ्ठी जिंदगीमा ती माले नावघाई बोलनी ती त्या टाईमले. मंग मी शेठानीले कसं सांगू? ते सांगाले नावच घेनं पडस. आनि ते त्या घरमा चालस नई."

विमलभाभी अजून माझ्याकडे ब्लाउज टाकते. माप देता देता बाकी सगळं विचारते, हे एक सोडून. मीही सांगितलं नाही. आता इथे लिहिलं आहे, छापून आलं तर वाचेल. वाचायचं तर तिला हे नाव ओळीओळीला वाचावं लागेल, आणि इथे टाळ्या वाजवून भागणार नाही.

जीप भरली. दाटीवाटीने बायका, टोपल्या, एक कोंबडा. जमना मागच्या बाकावर कडेला बसली. चालकाने गाडी सुरू केली आणि मला वाटलं, आता गेली ही, आणि मी तिला अजून एकदाही धड हाक मारलेली नाही. मी भर थांब्यावर ओरडले, माझ्या वयाला न शोभेलसं,

"जमनाऽ! ए जमनाऽ!"

जीपमधून तीन बायकांनी माना बाहेर काढल्या. डोंगरात हे नाव घरोघरी. तिघीही माझ्याकडे बघायला लागल्या. त्यातली आमची जी होती, तिने आधी बाकीच्या दोघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली,

"इतलं जोरमा काब्र, खाला? मी काय बुडी ऱ्हायनी का?"